‘कोणाचंच नुकसान होत नाही!!!’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ‘स्पष्टवक्ता’जी,

जुनी गाडी परस्पर विकताना कागदावर खरीच रक्कम लिहा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. खालीच उत्तर द्यायला घेतलं होतं, ते लांबलं, म्हणून वेगळं टाकतोय. ज्यांनी प्रतिक्रिया पाहिली नाही त्यांच्यासाठी तिचा गोषवारा: लेख ‘बाळबोध’ आहे. ‘साहेबांनी’ (अवतरणचिन्हं तुमची) जन्मात एक तरी गाडी विकली आहे का, अशी शंका येते. आयडीव्हीबद्दलचं (गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर विमा कंपनी तिची जी किंमत धरते, त्याबद्दलचं) विधान साफ चूक आहे. बाजारात सगळेच दोन आकडे ठेवतात. आणि ‘घेणारा-देणारा राजी असतील तर कागदावर काय लिहिलं याने कोणाचंच नुकसान होत नाही!!!’ याशिवाय तक्ता मोबाइलवर नीट दिसत नाही, भाव करतानाही खरंच बोलायचं का, आणि ऑनलाइन दाखवल्या जाणाऱ्या भावांवर मी गप्प का, हे तीन किरकोळ मुद्दे.

आयडीव्हीचं तुमचं बरोबर आहे. पावतीवर कमी रक्कम लिहिली तर विम्यातली आयडीव्हीही कमी धरतात, असं मी लिहिलं होतं. ते चुकलं. आयडीव्ही तुमच्या-माझ्या पावतीवरून ठरत नाही. त्या मॉडेलच्या कंपनीने जाहीर केलेल्या किमतीतून वयानुसार घसारा वजा होतो: दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के, आणि पाच वर्षांपुढे विमा कंपनी आणि मालक यांच्यात ठरेल ती रक्कम. वाक्य दुरुस्त केलं आहे. आभार. पण एवढ्या लेखात एक वाक्य चुकलं म्हणून ‘बाकी लेखाचीही हीच तऱ्हा’ हे जे तुम्ही पुढे जोडलंत, ते कुठून आलं? बाकीच्या लेखातली दुसरी चूक तुम्ही दाखवलेली नाही.

आता ‘बाळबोध’. हा शब्द तुम्ही टोमण्यासारखा वापरलाय. मोडीच्या गिचमिडीसमोर सुटं, स्वच्छ, कोणालाही वाचता यावं असं अक्षराचं वळण, त्याला आपल्याकडे बाळबोध म्हणत. गाडीची पावती अगदी तशीच असावी अशी माझी इच्छा आहे. तुम्ही ज्याची बाजू घेताय तो कागद मोडीत लिहिलेला असतो. लिहिणाऱ्यालाच कळतो, आणि कधी कधी त्यालाही नाही.

अनुभवाचं विचारलंत म्हणून सांगतो: हस्तांतरणाचे कागद भरणं आणि तपासणं हे माझं बरीच वर्षं रोजचं काम आहे, आणि मी स्वतः विकलेल्या गाड्या एका हाताच्या बोटांवर मावत नाहीत. याहून जास्त छाती फुगवायची नाही. पण प्रश्न विचारताना ‘साहेब’ला अवतरणचिन्हं लावायची गरज होती का, हे तुम्हीच बघा.

तर ते एक वाक्य. कोणाचंच नुकसान होत नाही.

आधी हे पाहू की खोटा आकडा लिहून वाचतं काय. महाराष्ट्रात खासगी गाडीचा एकरकमी कर पहिल्या नोंदणीच्या वेळी भरलेला असतो. राज्यातल्या राज्यात गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना आरटीओ हस्तांतरणाचं ठरलेलं शुल्क घेतं. गाडी तुम्ही दोन लाखांना विकली की आठ लाखांना, त्याने ते शुल्क बदलत नाही. परराज्यातून आणलेल्या गाडीचा कर निघतो तोही गाडीच्या मूळ किमतीवर आणि वयावर. जीएसटीचं म्हणाल, तर २५ जानेवारी २०२५ पासून जुन्या गाड्यांवर १८ टक्के झाला तो नोंदणीकृत विक्रेत्याच्या मार्जिनवर, म्हणजे खरेदी-विक्रीतल्या फरकावर. तुम्ही घरची गाडी शेजाऱ्याला विकलीत तर त्याचा संबंध नाही. प्राप्तिकरात स्वतःच्या वापराची गाडी वैयक्तिक वस्तू धरली जाते, भांडवली मालमत्ता धरली जात नाही, त्यामुळे तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. म्हणजे घरगुती वापराच्या गाडीची किंमत ४,६०,००० ऐवजी १,९०,००० लिहून सरकारचा एक रुपयाही बुडत नाही आणि तुमचा एकही वाचत नाही. फ्लॅटच्या व्यवहारातली सवय लोक गाडीच्या व्यवहारात घेऊन येतात. तिथे निदान मुद्रांक शुल्काचा मोह असतो, इथे तोही नाही.

मग हा १,९०,००० चा आकडा इतक्या पावत्यांवर का दिसतो? कारण २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. १ एप्रिल २०१७ पासून लागू झालेलं, २६९ एसटी म्हणून सगळे ओळखतात ते कलम. रोखीत ४,६०,००० घ्यायचे आणि कागदावर दोनच्या आत दाखवायचं, हा त्याचा उगम. ‘आज दीड घेतो, परवा दीड, उरलेले रविवारी’ ही युक्तीही चालत नाही, कारण मर्यादा नुसती दिवसापुरती नाही, एका व्यवहारापुरतीही आहे. आणि दंड किती? जेवढी रोख घेतली तेवढाच. तो घेणाऱ्याला लागतो, देणाऱ्याला लागत नाही. म्हणजे गाडी विकणाऱ्याला. समोरचा ‘कॅशमध्येच जमेल’ म्हणतो तेव्हा धोका कोणाच्या अंगावर जातोय ते लक्षात घ्या. राजी दोघेही असतात, अडकतो एक.

बरं, दंडाचं बाजूला ठेवा. ती रोख शेवटी बँकेत जाते. खात्यात साडेचार लाख रोख जमा आणि हातात १,९०,००० ची पावती. उरलेले कुठून आले याचा खुलासा मागितला, तर जो कागद तुमच्या बाजूने उभा राहायला हवा तोच तुमच्या विरुद्ध साक्ष देतो.

आता घेणारा. गाडी घेतल्यावर महिन्याभरात कळतं की आरसीवर (नोंदणीपत्रावर) कर्जाचा बोजा आहे, किंवा चेसिस नंबरचा एक आकडा जुळत नाही म्हणून तपासणीत फाइल अडकली. विकणाऱ्याला विकण्याचा हक्कच नसेल तर खरेदीदाराला पैसे परत मागता येतात. माल विक्री कायदा १९३० चा आहे, ही तरतूद त्याच्या १४ व्या कलमात आहे. पण किती परत मागणार? कागद म्हणतो १,९०,०००. लेखी करारातल्या अटीच्या विरुद्ध तोंडी पुरावा सहसा चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात कलम ९१ आणि ९२, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ९४ आणि ९५. फसवणुकीला अपवाद आहे, पण तो सिद्ध करायला ‘आम्ही दोघांनी मिळून खोटा आकडा लिहिला’ हे घेणाऱ्याला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं. २,७०,००० रुपयांचा हा जो खड्डा, त्याला तुम्ही ‘नुकसान नाही’ म्हणताय.

इथे एक बारीक गोष्ट सांगतो, कारण यात लबाडी नसतानाही आकडा चुकतो. गाडीवर कर्ज बाकी असेल तर बँक फोरक्लोजर लेटर देते, म्हणजे कर्ज पूर्ण फेडायला किती भरायचे याचं पत्र. त्यात एका ठरावीक तारखेपर्यंतची रक्कम असते आणि तारीख उलटली की रोजचं व्याज वाढतं. समजा ती रक्कम १,७५,०००. घेणारा हे पैसे थेट कर्जखात्यात भरतो आणि उरलेले २,८५,००० मालकाला देतो. पावती लिहिताना मालक काय लिहितो? ‘मला २,८५,००० मिळाले.’ त्याच्या दृष्टीने खरंच आहे, हातात तेवढेच आले. पण गाडीची किंमत ४,६०,००० आहे. व्यवहार फिसकटला तर बँकेत गेलेल्या पावणेदोन लाखांचा उल्लेख कुठेच नसतो. म्हणून दोन ओळी वेगळ्या लिहायच्या: एकूण ठरलेली किंमत, आणि खाली ती कोणाला, कोणत्या खात्यात, कोणत्या तारखेला, कशी दिली याचा तपशील. त्यानंतर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ घेऊन एचपी, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, उतरवायची. एचपी उतरायच्या आधी पूर्ण रक्कम सोडायची नाही. थोडी अडकवून ठेवायची, आणि अडकवली आहे हेही लिहायचं.

जी गाडी धंद्याच्या पुस्तकात घेतलेली आहे, तिची गोष्टच वेगळी. तिच्यावर दर वर्षी घसारा वजा घेतलेला असतो, मोटारीला साधारण १५ टक्के. विकल्यावर आलेली रक्कम त्या गटाच्या (एकाच दराने घसारा लागणाऱ्या मालमत्तांच्या) शिल्लक मूल्यातून वजा करावी लागते. तिथे कमी लिहिलं तर पुढची काही वर्षं जादा घसारा खाल्ला जातो. ही सरळ करचुकवेगिरी. ‘कोणाचंच’ या तुमच्या शब्दात सरकार येत नसेल तर गोष्ट वेगळी.

आणि जे त्या खोलीत हजर नसतात त्यांचं काय? वडील गेल्यावर गाडी आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर होते आणि मग विकली जाते. कागद एका भावाच्या नावे, हिस्सा तिघा भावंडांचा. १,९०,००० च्या पावतीवर प्रत्येकाला ६३,३३३ येतात. ४,६०,००० वर १,५३,३३३. घेणारा राजी, देणारा राजी. बहिणीला कोणी विचारलं?

उलट दिशेचंही तेच. वाढवून लिहिलेली पावती. घेणाऱ्याला जास्त कर्ज हवं असतं, किंवा तो कामावर गाडीसाठी मिळणारा ॲडव्हान्स उचलणार असतो, म्हणून ‘साडेपाच लिहून द्या, तुमचं काय जातंय’ म्हणतो. तुमचं जातं ते असं की साडेपाच लाख मिळाल्याची तुमच्या सहीची पावती कोणाच्या तरी फायलीत कायमची पडून राहते. व्यवहार रद्द झाला तर ती साडेपाचचीच मागणी घेऊन दारात येईल. आणि पुढे तो माणूस गाडी विकायला काढतो तेव्हा तिसऱ्याला हीच पावती दाखवून सांगतो, ‘मी स्वतः साडेपाचला घेतली होती.’

आता मुख्य माणूस. तुमच्या प्रतिक्रियेत तो नाही, आणि त्याचंच मला नवल वाटलं. मधला एजंट.

दोन आकडे ठेवण्यात सगळ्यात जास्त रस घेणाऱ्याचा नसतो आणि देणाऱ्याचाही नसतो. तो असतो या माणसाचा. मालकाला सांगितलं ४,१०,००० ला गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाइकाला सांगितलं मालक ४,६०,००० च्या खाली उतरत नाही. दोघांकडून दोन-दोन टक्के ठरले आहेत, म्हणजे ८,२०० आणि ९,२००, मिळून १७,४००. हे त्याचे कष्टाचे पैसे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मधले ५०,००० कोणाच्याच हिशेबात नाहीत. ते तिथे टिकून राहावेत यासाठी दोन गोष्टी लागतात: रोख त्याच्या हातातून जावी, आणि डिलिव्हरी नोटवर (गाडी ताब्यात दिल्याच्या कागदावर) रकमेची जागा कोरी राहावी किंवा तिथे भलताच आकडा पडावा. ‘टॅक्सचं लफडं नको, कमी लिहू’ हे वाक्य ऐकलं की विचार करा, कुठला टॅक्स? वर सगळे मोजून दाखवले आहेत.

यावर औषध एकच आणि ते फुकट आहे. पैसे घेणाऱ्याच्या खात्यातून थेट मालकाच्या खात्यात. दोन लाखांवर आरटीजीएस, शेऱ्यात गाडीचा नंबर. पावती दोघांच्या समोर, दोघांनी वाचून. एजंटचं कमिशन वेगळं, ज्याचं त्याने द्यायचं. असं म्हटल्यावर जो एजंट ‘चालेल’ म्हणतो त्याच्याकडे पुन्हा जावं. जो कुरकुरतो, त्याने आपला हेतू आधीच सांगून टाकला.

कोरी रक्कम आणि कोरे फॉर्म ही जुळी भावंडं आहेत. मालकी बदलण्यासाठीच्या फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, खाली मालकाची सही, वर घेणाऱ्याचं नाव कोरं. बाजारात याला ‘ओपन टीटीओ’ (टीटीओ म्हणजे मालकी हस्तांतरण) म्हणतात, आणि अशी गाडी तीन-चार हात फिरते. मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि परराज्यात ४५ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. तोवर चलान येणार ते नोंदीतल्या मालकाला. अपघात झाला तर? २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं: गाडी हातोहात पुढे गेली असली तरी ज्याच्या नावावर नोंद, तो मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. ज्या माणसाने रक्कम कोरी सोडली त्याने नावही कोरं सोडलेलं असतं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता आधी रकमेकडेच बघतो.

तुम्ही ‘प्रॅक्टिकल’ काहीतरी लिहा म्हणालात. घ्या. एका पानाची पावती. गाडीचा नंबर, मॉडेल, चेसिस नंबर पूर्ण १७ अक्षरी, शेवटचे पाच आकडे लिहून भागत नाही. इंजिन नंबर. त्या क्षणाचं किलोमीटर रीडिंग, आकड्यात. ‘एकूण किंमत रु. ४,६०,०००/-, अक्षरी रुपये चार लाख साठ हजार फक्त’. आकड्याच्या आधी आणि नंतर जागा सोडायची नाही, पुढे शून्य घुसतं. मग हप्ते: विसार २०,००० अमुक तारखेला यूपीआयने, व्यवहार क्रमांकासह. कर्जखात्यात १,७५,०००. मालकाच्या खात्यात २,५०,०००. अडकवलेले १५,००० एचपी उतरल्यावर. बेरीज करून बघा, ४,६०,००० यायला हवी. बऱ्याच पावत्यांत ती येत नाही, कारण विसार धरायचा राहतो. मग ताबा दिल्याची तारीख आणि वेळ. वेळ हवीच. संध्याकाळी ६.४० ला चावी दिली आणि ७.१५ ला सिग्नल तोडल्याचं चलान पडलं, तर फक्त तारखेने काही कळत नाही. त्या वेळेपर्यंतची चलानं मालकाची, पुढची घेणाऱ्याची, असं एक वाक्य. किती चाव्या दिल्या. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, आणि रक्कम ५,००० च्या वर असल्याने एक रुपयाचं महसूल तिकीट, सही त्याच्यावरून जाणारी. प्रत्येक पानाचा, आणि पैसे गेल्याच्या स्क्रीनचाही, फोटो दोघांच्या फोनमध्ये.

फास्टॅग मालकाने बंद करायचा. एनसीबी (दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सवलत) गाडीबरोबर जात नाही, ती माणसाची असते. मालकाने विमा कंपनीकडून तसं पत्र घेतलं तर तीन वर्षांत नव्या गाडीला वापरता येतं, आणि घेणाऱ्याने विमा नावावर करताना त्या सवलतीचा फरक भरायचा. तोही किमतीचाच भाग आहे. ‘इन्शुरन्स चालू आहे’ असं सांगून भाव चढवताना हा फरक कोणी बोलत नाही.

उरलेले मुद्दे. भाव करताना खरं बोलायचं का? मनातली शेवटची किंमत सांगायची सक्ती कोणी केली? गप्प राहा, घासाघीस करा. ‘कालच एकाने पाच देऊ केले’ हे मात्र कोणी दिलेच नसतील तर बोलू नका. लेखात हेच होतं, तुम्ही वाचलं नसावं. ऑनलाइन दिसतात ते मागितलेले भाव, मिळालेले नव्हेत, त्यावर अजून काय लिहिणार? तक्ता मोबाइल आडवा धरला की दिसतो.

‘बाजारात सगळेच करतात’ याला माझ्याकडे उत्तर नाही. ते आक्षेपासारखं दिसतं, पण त्यात मुद्दा कुठला?

लेख काढून टाकावा असं तुम्ही शेवटी म्हटलंय. नाही काढणार. वरची पावती मूळ लेखाच्या खाली जोडतोय. तिच्यातली एखादी ओळ चुकली वाटली तर ओळ सांगून लिहा, आयडीव्हीसारखी तीही दुरुस्त करीन. उद्गारचिन्ह एक पुरे.